गाडी पळवणं नाही, थांबवणं विकायचं : आंबागडच्या मेकॅनिकचा आठ लाखांचा प्रश्न



परवा एक फोन आला. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातलं आंबागड, डोंगरावरच्या जुन्या किल्ल्याचं गाव. मुलगा २६ वर्षांचा. आयटीआय झालेला, नागपूरच्या एका गॅरेजमध्ये सहा वर्षं महागड्या गाड्यांवर हात बसलेला. थेट मुद्द्यावरच आला.

"सर, आठ लाखाचं कर्ज घेऊ का जी? तुमसरला वर्कशॉप टाकतो. स्पोर्ट्स कार ट्रॅक डेसाठी तयार करून द्यायच्या. आपल्याकडे कोणी करतच नाही. बाबा दोन एकर धानाची बांधी तारण ठेवायला तयार आहेत."

"कोणी करतच नाही" हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. कोणी करत नाही याची कारणं दोनच असतात. एक, अजून कोणाला सुचलेलं नाही. दोन, गिऱ्हाईकच नाही. पहिल्या कारणात पैसा आहे, दुसऱ्यात बांधी जाते. म्हणून मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, "भाऊ, आधी मला हे काम समजावून सांगा. मग हिशेब मांडू." आमचं दीड तास बोलणं झालं. त्याच्या परवानगीने, नाव न घेता, ते सगळं इथे देतोय. तुमचा धंदा पापडाचा असो की प्लंबिंगचा, शेवटपर्यंत वाचा.

ट्रॅक डे म्हणजे काय?

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो. फी भरायची, स्वतःची गाडी घेऊन बंदिस्त ट्रॅकवर जायचं आणि १५-२० मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये गाडी मनसोक्त चालवायची. रस्त्यावर हा शौक करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक जागी परवानगीशिवाय शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे.

आपल्या देशात मोठे ट्रॅक मोजकेच. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात. आंबागडहून नोएडा किंवा चेन्नई, कुठेही जा, अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काम कशाचं? थांबण्याचं

लोकांना वाटतं, ट्रॅकसाठी गाडी तयार करणं म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणं. चूक. आजची स्पोर्ट्स कार कंपनीतूनच इतकी ताकद घेऊन येते की बहुतेक मालकांना ती पूर्ण वापरता येत नाही. खरा प्रश्न उष्णतेचा असतो.

साधं गणित करू. गाडी १,५०० किलोची. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी २०० वरून ही गाडी एकदा पूर्ण थांबवली तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यात सुमारे ७ लिटर पाणी उकळीला येईल. आणि ट्रॅकवर हे एकदाच होत नाही. प्रत्येक फेरीत चार-पाच वेळा जोरात ब्रेक, सलग १५ मिनिटं. गावातल्या रस्त्यावर वर्षभरात ब्रेकवर जेवढा ताण येत नाही, तेवढा एका सकाळी येतो.

आता त्याने सांगितलेली तपासणी, त्याच क्रमाने.

१. ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डबी एकदा उघडली किंवा ऑइल गाडीत भरलं की वर्ष-दोन वर्षांत त्यात ओल शिरतेच. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही. म्हणजे पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. आंबागडच्या किल्ल्यातल्या विहिरीची गोष्ट त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. भोसल्यांच्या काळात किल्ल्याचा तुरुंग केला आणि कैद्यांना विहिरीचं साचलेलं, सडकं पाणी प्यायला लावायचे असं सांगतात. पोरगा म्हणाला, "सर, जुनं ब्रेक ऑइल तसंच आहे. डबा भरलेला दिसते, पण आतून मेलेलं असते." म्हणून ट्रॅकच्या आधी नवं ऑइल भरायचं, सीलबंद डबीतलंच, आणि चारही चाकांवर हवा काढायची.

२. पॅड आणि डिस्क. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर त्यांच्यावर ट्रॅकला जायचं नाही. पातळ पॅडमधून उष्णता लवकर आत जाते आणि ऑइल तापवते. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजायचं आणि लिहायचं. भोकं असलेल्या डिस्कवर भोकांच्या कडेने केसासारख्या चिरा पडतात, त्या टॉर्च लावून बघायच्या. नवे पॅड बसवले तर ते कंपनी सांगते तसे आधी डिस्कवर बसू द्यायचे.

३. टायर. बाजूला चार आकडी कोड असतो. ३५२३ म्हणजे २०२३ सालातला ३५ वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर पकड जाते. हवा थंड टायरमध्ये मोजायची आणि फेरी संपताच पुन्हा मोजायची. गरम झाल्यावर दाब ५ ते ८ पीएसआय सहज वाढतो. नेहमीच्याच दाबावर सुरुवात केली तर तिसऱ्या-चौथ्या फेरीत टायर फुगलेला असतो आणि गाडी घसरायला लागते. म्हणून प्रत्येक फेरीचे दोन्ही आकडे वहीत.

४. चाकाचे नट. अंदाजाने, पाय देऊन घट्ट करायचे नाहीत. गाडीच्या पुस्तकात जो आकडा दिलाय, तेवढ्यावर टॉर्क पान्याने. पहिल्या फेरीनंतर चाक थंड झालं की पुन्हा तपासायचे.

५. इंजिन ऑइल, कूलंट, पेट्रोल. लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं. पातळी खाली असेल तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि इंजिन काही सेकंदांत खलास. पातळी वरच्या खुणेजवळ ठेवायची, खुणेच्या वर नाही. पेट्रोलची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, कारण तेही तसंच सरकतं. कूलंटचे पाइप, क्लिपा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा बघायचा.

६. इलेक्ट्रॉनिक्स. आधुनिक गाडी सेन्सरवर चालते. आधी स्कॅनर लावायचा, जुने एरर कोड वाचायचे, लिहायचे आणि मग निघायचं. नवख्या चालकाला घसरण रोखणारी यंत्रणा बंद करू द्यायची नाही.

७. आतलं सामान. पायाखालची मॅट, पाण्याची बाटली, जॅक, मोबाइल, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती, सगळं बाहेर. एक बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तर पुढचं सांगायला नको. पुढचा टो हुक लावून ठेवायचा, म्हणजे गाडी अडकली तर ओढता येते.

८. ट्रॅकवरची शिस्त. शेवटची फेरी हळू, ब्रेक शक्यतो न दाबता, म्हणजे सगळं थंड होतं. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची किंवा चाकाला ओंडका लावायचा. तापलेले पॅड डिस्कला चिकटून बसले की डाग पडतो आणि नंतर ब्रेक थरथरतो. आणि हो, हीच गाडी घेऊन मालक हजार किलोमीटर घरी परत जाणार असतो. त्यामुळे संध्याकाळी परत एकदा सगळी यादी.

तो जिथे चुकला

एवढं सगळं घडाघडा सांगितल्यावर मी विचारलं, "हे शिकलात कुठे?" जरा वेळ गप्प बसला.

नोकरीत असताना एका मालकाची गाडी त्याने ट्रॅकसाठी तयार केली होती. महागडे पॅड मागवले, टायर बदलले, गाडी चकाचक. ब्रेक ऑइल मात्र तीन वर्षांपूर्वीचं होतं. बाटलीत पातळी बरोबर दिसली म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या फेरीत पेडल थेट खाली गेलं. गाडी ट्रॅक सोडून खडीत घुसली. नशीब, कोणाला लागलं नाही. पुढचा बंपर, रेडिएटर गेले. विम्याचा दावा करायला मालक गेले तर कळलं, पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी यासाठीचा वापर वगळलेला आहे. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत हे कलम असतंच, आपण वाचत नाही. ट्रॅक डे शर्यत आहे की नाही यावर वाद घालत बसायचं आणि तोवर खर्च खिशातून.

मालक त्याला रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "ब्रेक ऑइल कोणी तपासलं होतं?" याच्याकडे उत्तर नव्हतं. कुठे काही लिहिलेलंच नव्हतं.

मित्रांनो, धंदा इथे आहे. गिऱ्हाईक पॅडचे पैसे देत नाही, पॅड त्याला कुठेही मिळतात. तो पैसे देतो ते "मी हे तपासलं, या तारखेला, हा आकडा आला, ही माझी सही" या कागदाचे. त्या दिवसापासून या पोराने ३२ मुद्द्यांचा छापील तक्ता केला. दोन प्रती, दोघांच्या सह्या. विम्याचं कलम वाचून घ्या, ही ओळ सगळ्यात वर. जे काम मालकाने नको म्हटलं, तेही तक्त्यावर लिहिलेलं. त्याच मालकांनी पुढच्या खेपेला गाडी पुन्हा त्याच्याकडेच दिली.

आता हिशेब

आठ लाख, पाच वर्षं, व्याज समजा ११ टक्के. हप्ता येतो महिन्याला साधारण १७,४०० रुपये. वर्षाचे २ लाख ९ हजार.

मी विचारलं, "एका गाडीमागे सुटे भाग, प्रवास, जेवणखाण जाऊन हातात किती राहतात?"

"सहा हजार राहतात सर."

म्हणजे फक्त हप्ता भरायला वर्षाला ३५ गाड्या हव्यात. दुकानाचं भाडं नाही धरलं, वीज नाही धरली, तुमचा स्वतःचा पगार नाही धरला.

"ट्रॅकला जाणारे किती मालक तुम्हाला नावानिशी ओळखतात?"

"चार."

"वर्षातून किती वेळा जातात?"

"दोनदा."

चार दुणे आठ. लागतात ३५, आहेत ८. फोनवर शांतता.

आणि या आठ गाड्यासुद्धा तुमसरला कशाला येतील? मालक नागपूरला, ट्रॅक हजार किलोमीटरवर. या कामात शेडपेक्षा माणूस हलणं महत्त्वाचं आहे. लिफ्ट, अलाइनमेंट मशीन, रंगवलेला बोर्ड यातलं काहीही गिऱ्हाइकाने मागितलेलं नाही. ते आपल्या मनातल्या वर्कशॉपच्या चित्रात आहे.

बांधीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुद्रा कर्जालाही तारण लागत नाही. तरी कोणी शेत मागत असेल तर दुसऱ्या शाखेत जा. पीएमईजीपीमध्ये सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात २५ ते ३५ टक्के अनुदान आहे. पण ते अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, धंदा चालला तरच तुमचं. अनुदान मिळतं म्हणून ३५ गाड्या येणार नाहीत.

बाबांचा पट

मग मी विचारलं, "बाबा काय म्हणतात?" म्हणाला, बाबा शंकरपटाचे शौकीन. बैलांची जोडी होती त्यांच्याकडे. धान निघालं की गावोगावी पट भरायचे, रात्री नाटक. बाबांचा एक नियम होता: पटाच्या दिवशी काहीही नवं करायचं नाही. नवं जू नाही, नवी दोरी नाही, नवा धुरकरी तर नाहीच. जे काय बदलायचं ते आठ दिवस आधी, आणि छकड्याचं चाक-आख स्वतः हात लावून बघायचं.

हाच नियम ट्रॅकला लागतो. आदल्या रात्री बसवलेला नवा भाग हा सगळ्यात धोक्याचा भाग. या पोराच्या तक्त्यात आता पहिली ओळ तीच आहे: सगळं काम सात दिवस आधी पूर्ण.

पण पटाने आणखी एक गोष्ट शिकवली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. मधली सात वर्षं ज्यांचं पोट फक्त पटावर होतं, त्यांनी काय केलं असेल? मोठ्यांचंही तसंच. बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आली २०११ ला आणि २०१३ नंतर आलीच नाही. तीन वर्षं. एकाच कार्यक्रमावर, एकाच परवानगीवर, एकाच मोसमावर धंदा उभा करू नका.

मग आम्ही काय ठरवलं?

शेड नाही. आधी पेटी. टॉर्क पाना, चांगला हवा मोजायचा गेज, ब्रेक ऑइलमधली ओल मोजायचा टेस्टर, हवा काढायची बाटली, उष्णता मोजायची बंदूक, मजबूत स्टँड, साधा स्कॅनर. आम्ही यादी काढली, ९० हजारांच्या आत बसली. यातले ४० हजार त्याच्याकडे साठवलेले आहेत. उरलेल्यासाठी मुद्राचं शिशू कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं. बांधी घरातच राहिली.

आठ ट्रॅकच्या गाड्या सोडायच्या नाहीत. त्या आपली ओळख आहेत. पण तोच तक्ता थोडा बदलून आजूबाजूला विकायचा. डोळे उघडून बघा, तुमसर तालुक्यात काय चालतं? धानाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगनीज खाणींच्या रस्त्यावर भरलेले टिपर. शाळेच्या व्हॅन. तुमसरच्या बाजारात धान घेऊन येणाऱ्या गाड्या. यातली एकही ताशी २०० ने पळत नाही. पण उतारावर भरलेला टिपर थांबवायला लागणारी ऊर्जा काढून बघा, स्पोर्ट्स कार लाजेल. आणि व्हॅनमध्ये तर लेकरं बसलेली असतात.

"हंगामाआधीची तपासणी, सहीसकट" असं काही त्या भागात कोणी विकतंय का, हे मी त्याला शोधायला सांगितलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. बाजारात सात ट्रॅक्टरवाल्यांना विचारलं. चौघांनी हसून घालवलं. दोघांनी विचारलं, "किती घेशील?" आणि एकाने जागेवरच ट्रॅक्टर दाखवला. ब्रेक ऑइल काळं झालं होतं. कधी बदललं, आठवत नाही म्हणाला.

सातातून तीन. हे मला ३५ च्या स्वप्नापेक्षा जास्त आवडलं.

तुमच्यासाठी गृहपाठ

१. तुमच्या धंद्याचा महिन्याचा हप्ता आणि एका गिऱ्हाइकामागे खरोखर उरणारी रक्कम लिहा. भागाकार करा. तेवढी गिऱ्हाइकं नावानिशी लिहिता येतात का?

२. घ्यायची ठरवलेली सगळ्यात महागडी वस्तू गिऱ्हाइकाने मागितली आहे की आपल्या हौसेची आहे?

३. तुमच्या कामाचा एक पानाचा तक्ता करा. काय तपासलं, काय आकडा आला, काय केलं, काय केलं नाही, तारीख, सही.

४. दहा अनोळखी लोकांना तो तक्ता दाखवा आणि किंमत सांगा. कौतुक मोजू नका. "किती घेशील?" असं किती जणांनी विचारलं, ते मोजा.

हे चार कागद हातात आले की मग कर्जाबद्दल बोलू. आंबागडचा आपला मित्र पुढच्या महिन्यात एका गाडीबरोबर चेन्नईला चाललाय. ब्रेक ऑइल आठ दिवस आधीच बदललंय, आणि कागदावर तशी सही आहे.

भेटू पुढच्या भागात. कामाला लागा!